लाल चौकोन

ढाल नावाचं यंत्र चुकत नाही असं ज्या कागदावर लिहून दिलंय, त्या कागदावर माझी सही आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी 'तेव्हा कुठे होतात मॅडम' असं विचारायला नको. तेव्हा मी व्यासपीठावर बसून हार घालून घेत होते. यंत्राच्या जाहिरातीत फोटोही माझाच होता, कानाला पट्टी बांधलेला.

मी डॉक्टर निरुपमा गावंडे. वऱ्हाडातल्या कासरखेड शहरात सात वर्षं रुग्णवाहिकेवर काम करते. लोकांना वाटतं रुग्णवाहिका म्हणजे सायरन आणि स्ट्रेचर. आमच्यासाठी ती म्हणजे आधी शिव्या. उशीर झाला म्हणून शिव्या, वेळेत पोचलो पण माणूस आधीच गेलेला असला तरी शिव्या, आणि शिव्यांनी भागलं नाही की हात. माझ्या उजव्या कानाला ऐकू येत नाही ते अशाच एका हातामुळे. सुवर्णबाग कॉलनी, बंगला नंबर नऊ. ठेकेदार भांबेरे सोफ्यावर बसल्या जागी गेले होते, आम्हाला बोलावलं तेव्हा त्यांना जाऊन तासभर झाला होता. मी तसं सांगितलं. त्यांच्या मुलाने अंगठ्या घातलेल्या हाताने माझ्या कानाखाली मारली, आणि त्याच्या दोन मित्रांनी ऑक्सिजनचा सिलिंडर उचलून गाडीच्या काचेवर घातला.

दुसऱ्या दिवशी आमचे झोनल मॅनेजर आष्टीकर घरी आले. "समजून घ्या मॅडम, त्याचे वडील गेलेत," म्हणाले. माझा कान गेला होता, ते कुणी समजून घ्यायचं हे त्यांनी सांगितलं नाही. चहा पिऊन, तडजोडीच्या कागदावर माझी सही घेऊन गेले.

आता मार पडला त्या दिवशीची पुढची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

आमच्याकडे ड्रायव्हरला पायलट म्हणतात, आणि पायलट लोकांचा एक नियम आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी बाकी काही नाही, एवढंच शिकवतात: आधी चाक फिरव, मंग रड. मार पडला की तिथे थांबायचं नाही. फोन करायचा नाही, जाकिटावरचं, मदत मागायचं लाल बटणही दाबायचं नाही. पूर्वी एकाने जमावासमोर बटण दाबलं होतं, आणि जमावाने गाडी पेटवून दिली होती. तेव्हापासून आधी गाडी काढायची, सुरक्षित जागी आणायची, मग काय ते.

ही सुरक्षित जागा ठरलेली होती. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागे वस्ती आहे. रेल्वेचं फाटक ओलांडून गेलं की वस्तीच्या तोंडाशीच एक कडुनिंब आणि त्याखाली पंचफुलामावशीची रसवंती. मोठ्या कॉलन्यांकडून सरकारी दवाखान्याकडे येणारा रस्ता तिथूनच जातो. त्या दिवशी आमचे पायलट दादाराव खंडारे, स्वतःच्या कपाळातून रक्त गळत असताना, गाडी थेट तिथे घेऊन आले. मावशीने मला खुर्चीवर बसवलं. रसासाठी आणलेला बर्फ फडक्यात बांधून माझ्या कानाला लावला.

"आधी पानी पे वं माय," ती म्हणाली, "मंग बोल."

वस्तीतल्या माणसांनी गाडीतल्या काचा झाडून काढल्या. कुणी मारलं, काहून मारलं, कुणी विचारलं नाही. मी पाणी प्यायले, आणि मग तिथे कडुनिंबाखाली बसून मी लाल बटण दाबलं.

ढाल त्यानंतर तीन वर्षांनी आली. ती समजायला अवघड नाही. ती दोन कामं करते. पहिलं काम जाकिटातून. छातीवरचा छोटा कान आसपासचे आवाज ऐकत असतो. माणूस हात उगारण्याआधी त्याचा आवाज बदलतो, शब्द तुटक होतात, स्वर चढतो आणि दोन बोलण्यांमधली जागा नाहीशी होते. हे आपल्या कानाला कळायच्या सहा-सात सेकंद आधी यंत्राला कळतं, आणि ते आपल्या कानात सांगतं, "दाराकडे सरका." खरं सांगते, या सहा सेकंदांनी माझ्या ओळखीच्या निदान चार जणांची डोकी वाचवली आहेत. म्हणूनच मी त्या कागदावर डोळे मिटून सही केली.

दुसरं काम नकाशाचं. ढालने शहराचे किलोमीटर-किलोमीटरचे चौकोन पाडलेत. मागच्या काही वर्षांत कर्मचाऱ्यांनी लाल बटण कुठे कुठे दाबलं, हे तिने पाहिलं आणि त्यावरून प्रत्येक चौकोनाला एक अंक दिला. अंक सत्तरच्या वर गेला की चौकोन लाल. लाल चौकोनात पोलीस सोबत असल्याशिवाय गाडी शिरत नाही. शिरत नाही म्हणजे शिरूच शकत नाही. विजेवरची गाडी आहे, हद्द आली की ढाल तिची चाकं थांबवते. पायलटने पाय दाबून मोडला तरी गाडी हलत नाही.

यंत्र आल्यावर पहिल्याच आठवड्यात गिरणीची वस्ती लाल झाली. मी पाहिलं, आणि मला नवल वाटलं नाही. ही सगळ्यात लाजेची गोष्ट आहे. मला वाटलं, तीन वर्षं झाली, बिघडली असेल वस्ती. दारू असेल, पोरं हाताबाहेर गेली असतील. मधल्या काळात माझी पाळी दुसऱ्या भागात लागली होती, मावशीकडे जाणं राहून गेलं होतं. ज्या बाईने माझ्या कानाला बर्फ लावला तिच्या वस्तीबद्दल यंत्र काहीतरी सांगत होतं, आणि मी बाईवर नाही, यंत्रावर विश्वास ठेवला. त्या वस्तीतून आलेल्या दोन कॉलच्या वेळी मी स्वतः फाटकापाशी थांबून होते. एकदा छातीत कळ आलेला म्हातारा, एकदा अडलेली बाळंतीण. पोलीस यायला पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली, दुसऱ्यांदा ते आलेच नाहीत. बाहेर ऊन होतं. मी एसी लावून गाडीत बसले होते आणि संत्रं सोलून खात होते.

मग मे महिन्यातला तो मंगळवार आला. दुपारचा दीड, पारा एकोणपन्नासवर. आमच्याकडे उन्हाळा नवा नाही, पण अलीकडे उन्हाळ्यात माणसं पटापट मरतात, म्हणून प्रत्येक गाडीत थंडपिशवी दिलेली असते. माणूस आत झोपवून चेन लावायची आणि वरची कळ फोडायची. मग पिशवीच्या दुहेरी अस्तरात बर्फाचा गाळ तयार होतो आणि पाच मिनिटांत दोन अंश ताप उतरतो. उष्माघातात सगळा खेळ वेळेचा असतो. अंग एकेचाळीसच्या वर गेलं की मेंदू अक्षरशः शिजायला लागतो, आणि अर्ध्या तासानंतर जे शिजलं ते परत येत नाही.

कॉल आला: गिरणी वस्ती, बाई, वय अंदाजे साठ, बेशुद्ध, अंग तव्यासारखं तापलंय, घाम नाही. रसवंतीपाशी पडली आहे.

"म्याडम," दादाराव म्हणाले, "रसवंती तं तथी एकच हाय."

फाटकापाशी आलो आणि गाडी थांबली. ढाल तिच्या गोड आवाजात म्हणाली, "पुढील क्षेत्र लाल आहे. पोलीस मदत येईपर्यंत थांबा. अंदाजे वेळ सव्वीस मिनिटं. आपली सुरक्षितता महत्त्वाची आहे." समोर सहाशे मीटरवर कडुनिंब दिसत होता. त्याच्याखाली माणसं गोळा झालेली दिसत होती.

दादाराव पडद्यावर बोटं मारत होते. त्यात 'कारण दाखवा' म्हणून एक जागा असते, आम्ही कुणी कधी ती उघडली नव्हती. त्यांनी उघडली. नकाशा मोठा झाला, आणि त्या चौकोनात लाल ठिपके दिसले. एकतीस ठिपके, सगळे एकाच जागी, एकमेकांवर चढलेले. प्रत्येकाशेजारी तारीख आणि कर्मचाऱ्याचा क्रमांक. वरून चौथा क्रमांक माझा होता. तारीख सोळा नोव्हेंबर, माझा कान गेला तो दिवस.

दादारावांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्याडम, हे तं आपुनच दाबलेले हायेत. मार खाल्ला कुठी, अन् बटन दाबलं कुठी."

बटण दाबल्याची जागा यंत्राला माहीत होती. आम्ही आधी चाक फिरवतो आणि मग रडतो, हे त्याला माहीत नव्हतं, आणि ते त्याला सांगायचं कुणाला सुचलंही नव्हतं. जिथे जिथे आम्हाला मारलं ते बंगले, त्या कॉलन्या, ते बड्यांचे दवाखाने नकाशावर पांढरेशुभ्र होते. जिथे आमच्या जखमा धुतल्या ती एकच जागा लाल होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि संन्याशाच्या गळ्यात दोर आम्ही घातला होता, एकतीस जणांनी, एकेक करून.

मी कंट्रोलला फोन केला. त्यांनी आष्टीकरांना जोडून दिलं.

"सर, हा चौकोन चुकीचा आहे. आम्ही तिथे मार खात नाही. मार खाऊन तिथे जातो. समोर बाई पडलीय, तिचा ताप उतरवला नाही तर—"

"मॅडम, मॅडम. तुमचा मुद्दा चांगला आहे. महिन्याच्या मिटिंगमध्ये मांडा. आत्ता नियम पाळा."

"सर, मला दिसतेय ती इथून."

"तुम्ही जाकीट घालून लाल क्षेत्रात पायी शिरलात तर विमा लागू होणार नाही. पायलटची नोकरी जाईल. आणि हे सगळं कुणासाठी केलंय हो आम्ही? तुमच्याचसाठी ना?"

गार खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या त्या माणसाला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. नंतर मला आलेल्या नोटिशीत ते शब्दशः छापलंय, ज्याला हवं त्याने वाचावं.

फाटकापाशी आमची नऊ मिनिटं गेली. त्यातली चार यंत्र समजून घेण्यात आणि दोन फोनवर. उरलेली तीन मिनिटं माझी आहेत. फोन ठेवल्यावर मी दाराच्या कडीवर हात ठेवून तीन मिनिटं बसून राहिले. कडुनिंबाखालचा जमाव पाहून माझ्या कानात पुन्हा तो सुवर्णबागेतला आवाज वाजायला लागला होता. मला सगळं कळलं होतं, तरी पाय उतरत नव्हते. ही भीती मला भांबेऱ्याच्या पोराने दिली होती, आणि तिची किंमत पंचफुलामावशी मोजत होती.

"तुमी बसा म्याडम," दादाराव शेवटी म्हणाले, "मी जातो. थंडपिशवी कशी फोडाची तेवढं सांगा."

मी उतरले. पिशवी चौदा किलोची आहे, ती खांद्यावर घेतली. दादाराव स्ट्रेचर ओढत मागून आले. डांबर इतकं मऊ झालं होतं की स्ट्रेचरची चाकं रुतत होती. रूळ ओलांडले आणि वस्तीतली दहा-बारा माणसं आमच्या दिशेने धावत सुटली. माझं जाकीट किंचाळायला लागलं. "जमाव जवळ येत आहे. आवाजात राग आहे. मागे फिरा. मागे फिरा." माझा हात आपोआप लाल बटणाकडे गेला. मी तो दुसऱ्या हाताने धरून खाली आणला.

आवाजात राग होता, हे ढालने बरोबर ओळखलं होतं. पहिल्या माणसाने माझ्या खांद्यावरची पिशवी हिसकून घेतली आणि तो तसाच उलटा पळत सुटला, मावशीकडे. दुसऱ्या दोघांनी दादारावांच्या हातून स्ट्रेचर घेऊन डोक्यावर उचललं. तिसरा माझ्याबरोबर धावत होता, धावता धावता बोलत होता.

"दोन मयने झाले. गाडी येते अन् फाटकापाशी उभी राह्यते. लाल दिवा फिरते तिचा. आमाले अथून दिसते थो दिवा. माह्या बापाच्या छातीत कळ आलती, त्याले म्या खाटेवर टाकून दारात आनलं, म्हनलं पाय बाबा, आली गाडी. थो दिव्याकडे पाहत पाहतच गेला."

म्हातारा. छातीत कळ. मी गाडीत बसून संत्रं खात होते. मी धावत राहिले.

मावशी बाजेवर होती. बायकांनी ओली पोती तिच्यावर घातली होती, कुणी पाय कांद्याने चोळत होतं. बर्फाची गाडी तीन दिवस वस्तीत आली नव्हती, नाहीतर त्यांनी तिला बर्फातच ठेवलं असतं. ताप बेचाळीस पूर्णांक एक. तिला झटके येत होते. पिशवीत घातली, कळ फोडली, सुई लावली. ताप एकोणचाळीसवर आला तशी आठ जणांनी स्ट्रेचर खांद्यावर घेऊन सहाशे मीटर गाडीपर्यंत आणलं. गाडी वळवताना ढालने अडवलं नाही. मागे फिरायला ती कधीच अडवत नाही.

मावशी वाचली. वाचली म्हणजे जिवंत आहे.

बाराव्या दिवशी मी वॉर्डात गेले. ती उशीला टेकून बसली होती. हातात पाण्याचा पेला होता आणि तो ओठापर्यंत जाईपर्यंत अर्धा अंगावर सांडत होता. तोल सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग उष्णतेला सगळ्यात आधी जातो. आता ती उसाचं कांडं चरकात सरकवू शकणार नाही, सरकवू गेली तर हातच जाईल. बोलणं जड झालंय, शब्द दारू प्यायलेल्या माणसासारखे येतात. पण तिने मला ओळखलं. पेला माझ्याकडे पुढे केला. बाहेर ऊन होतं ना, म्हणून. मी प्यायले. रडू आलं, ते आवरलं नाही.

तिने मला रडू दिलं. मग एकेक शब्द जुळवत विचारलं, "तू... फाटकापाशी... काहून थांबलती वं?"

तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मी यंत्र, चौकोन, ठिपके, सगळं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण खरं उत्तर एवढंच होतं की, मावशी, तू आम्हाला पाणी दिलंस म्हणून.

खाली आले तर दादाराव गाडी चालू करून बसले होते. आम्हा दोघांच्या नोटिशींची सुनावणी व्हायची होती, तोवर आम्ही कामावर होतो. मी म्हटलं, "सुवर्णबागेत घ्या."

"कॉल हाय?"

"नाही."

त्यांनी गाडी वळवली. दुपारचे चार वाजले होते. बंगला नंबर नऊच्या फाटकासमोर त्यांनी गाडी उभी केली. नवा रंग दिलेला होता. मी खाली उतरले, जाकिटाचं लाल बटण दाबलं आणि छातीवरच्या कानात नीट बोलले. "सोळा नोव्हेंबरची नोंद दुरुस्त करते. मारहाण गिरणी वस्तीत झाली नाही. इथे झाली. कर्मचारी दोन, जखमी दोन." दादारावांनी त्यांचं बटण दाबलं. मग वायरलेस तोंडाशी धरला.

"सगळ्या गाड्याइले सांगून राह्यलो. ज्याले जथी मारलं असंन, थ्यानं आत्ता तथी जाऊन बटन दाबा. रसवंतीवर नाई. जथी मारलं तथी."

मग एकाने विचारलं, "डॉक्टर कॉलनीतलं चालन का दादा?" आणि मग एकामागून एक सगळे बोलायला लागले. काही नोकरी सोडून गेले होते, पण एकोणीस जण होते. आम्ही गाडीत बसून पडद्यावर पाहत होतो. सुवर्णबाग आधी पिवळी झाली, मग नारिंगी, मग लाल. तिच्यामागून डॉक्टर कॉलनी. तिच्यामागून बड्या दवाखान्याचं फाटक.

अकरा मिनिटांनी आष्टीकरांचा फोन आला. श्वास लागला होता त्यांना.

"मॅडम, हे काय चाललंय? वरून फोन येतायत. तिथे प्रतिष्ठित माणसं राहतात, उद्या कुणाला काही झालं तर? या नोंदी चुकीच्या आहेत, जुन्या आहेत. मी पुसायला सांगितलंय."

"पुसता येतात?" मी विचारलं.

"म्हणजे काय? एका मिनिटाचं काम आहे. एक बटण दाबायचं असतं."

मी दोन महिन्यांचा हिशेब केला नाही. म्हातारा, बाळंतीण, मावशीच्या हातातला तो पेला, काही आठवलं नाही. नुसता संताप होता, पायाच्या नखापासून. समोरच्या पडद्यावर सुवर्णबाग पांढरी झाली. मग डॉक्टर कॉलनी. मग दवाखान्याचं फाटक. गिरणीच्या वस्तीतले एकतीस ठिपके जिथल्या तिथे होते, त्यांना कुणी हात लावला नाही.

बंगल्याचा दरवाजा उघडला. अंगठ्यांचा तो हात कंबरेवर ठेवून भांबेऱ्याचा पोरगा बाहेर आला. त्याने गाडी पाहिली, मला पाहिलं आणि पायऱ्या उतरायला लागला. ढाल माझ्या चांगल्या कानात म्हणाली, "गाडीकडे सरका."

मी दादारावांकडे पाहिलं. सवयीने त्यांचा हात चावीकडे गेला होता. त्यांनी चावी फिरवली, पण बंद करण्यासाठी. मग ती काढून खिशात टाकली आणि खाली उतरून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"आता चाक नाई फिरवत म्याडम," ते म्हणाले. "दाबा."

मी दाबलं.